फक्त १२ फोटोंचा रोल : डीअ‍ॅन आर्बस यांनी कॅमेरा का बदलला?

आपण फोनवर एकाच चेहऱ्याचे पन्नास फोटो सहज काढतो. डीअ‍ॅन आर्बस यांनी मात्र मुद्दाम कमी फोटो निघणारा कॅमेरा निवडला.

१९२३ साली न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरात जन्मलेल्या डीअ‍ॅन नवरा अ‍ॅलनसोबत फॅशन फोटोग्राफी करायच्या. १९५६ मध्ये त्यांनी ते काम सोडलं आणि लिझेट मॉडेल यांच्याकडे शिकायला सुरुवात केली. तेव्हा हातात ३५ एमएमचा कॅमेरा होता. रोलमागे ३६ फोटो, पण ते दाणेदार यायचे. त्यांना कातडी आणि कापड यांतला फरक दिसायला हवा होता.

म्हणून १९६२ च्या सुमारास त्या मीडियम फॉरमॅटच्या रोलिफ्लेक्सकडे वळल्या. फिल्म मोठी, फ्रेम चौकोनी, फोटो फक्त १२. कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत बघायचं, आणि तिथं डावं-उजवं उलटं दिसतं. म्हणजे सगळं नव्यानं शिकणं आलं. पण आता कॅमेऱ्यामागे चेहरा लपत नव्हता. समोरच्याशी बोलत, थांबत फोटो निघू लागले.

जुळ्या बहिणींचा फोटो याच चौकोनी फ्रेममधला. समाजानं बाजूला टाकलेल्या माणसांचा त्यांनी वापर केला, अशी टीकाही झाली. तो वाद आजही संपलेला नाही.

१९७१ मध्ये, ४८ व्या वर्षी त्यांनी आयुष्य संपवलं. पुढच्याच वर्षी त्यांचे फोटो व्हेनिस बिएनालेत लागले. तिथं पोहोचलेल्या त्या पहिल्या अमेरिकी फोटोग्राफर होत्या.