विश्लेषण : टाकाऊ मालातून उद्योग उभे करणारे शांतिस्वरूप भटनागर कोण होते?

केळापूर तालुक्यातला एक क्विंटल कापूस पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये गेला, की त्यातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. उरते ती बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, ढेप जनावरांपुढे जाते, तेल शुद्ध करताना राहिलेला गाळसुद्धा साबणाला लागतो. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी मात्र चुलीत किंवा बांधावर जळते. एकाच झाडाच्या एका भागाला बाजारभाव मिळतो आणि दुसऱ्याला काडी लावली जाते, असे का? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, तसेच प्रयोगशाळा आणि कारखाना यांना जोडणाऱ्या व्यवस्थेतही आहे. भारतात ती व्यवस्था उभारण्यात सर्वांत मोठा वाटा होता डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) ही त्याचीच खूण.

जडणघडण कशी झाली?

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असताना वडील वारले. आईचे वडील अभियंते होते. त्यांच्या घरी वाढताना यंत्रे आणि अवजारे हीच या मुलाची खेळणी झाली. १९११ मध्ये, कोवळ्या वयात, त्यांनी अलाहाबादच्या ‘लीडर’ या वृत्तपत्राला एक पत्र पाठवले. बॅटरीत लागणाऱ्या कार्बनच्या कांड्यांना पर्याय कसा तयार करता येईल, हा त्याचा विषय होता. त्यासाठी त्यांनी वापरली होती साखर कारखान्यातून निघणारी मळी. टाकाऊ पदार्थाकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची ही नजर पुढे आयुष्यभर टिकली.

लाहोरला शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला निघाले. पण पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी जहाजे भरलेली होती. त्यामुळे ते लंडनमध्येच थांबले. तेथे प्रा. डोनन यांच्या मार्गदर्शनाखाली १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि १९२४ पासून लाहोरच्या पंजाब विद्यापीठात ते प्राध्यापक होते.

कारखानदार त्यांच्याकडे का येऊ लागले?

लाहोरमध्ये त्यांच्याकडे आलेले पहिले औद्योगिक काम शेतकऱ्याला सहज समजेल असे होते. उसाच्या चिपाडापासून जनावरांसाठी ढेप तयार करायची होती. नामवंत अभियंते सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी ते केले. त्यानंतर दिल्लीची कापड गिरणी, कानपूरची जे. के. मिल, मुंबईची टाटा ऑईल मिल्स असे एकेक उद्योग आपापल्या अडचणी घेऊन आले.

सर्वांत गाजली ती अटक ऑईल कंपनीची अडचण. तेलाची विहीर खोदताना पाण्यात कालवलेली माती आत सोडावी लागते. जमिनीतील क्षारांचा संबंध आला, की ही माती घट्ट होऊन बसे आणि खोदकाम ठप्प होई. भटनागर यांनी तीत एक देशी डिंक मिसळायला सांगितले. काजळाच्या शाईत डिंक घातला की काजळी तळाला बसत नाही. इथेही तत्त्व तेच. डिंकामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि चिखल पातळ राहतो.

दीड लाख रुपयांचे काय केले?

कंपनीशी संबंधित स्टील ब्रदर्स या लंडनच्या पेढीने खूश होऊन पेट्रोलियमवरील संशोधनासाठी १,५०,००० रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. भटनागर यांनी ती स्वतःच्या नावावर घेण्यास नकार दिला आणि विद्यापीठाकडे सोपवायला लावली. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. मेणाचा वास घालवणे, रॉकेलच्या दिव्याची ज्योत वाढवणे, तेल उद्योगातील टाकाऊ मालाचा उपयोग शोधणे ही कामे तेथे झाली. पुढे कंपनीने रक्कम वाढवली आणि मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे केली. संशोधनातून पैसा येऊ शकतो आणि तो पुन्हा संशोधनातच घालता येतो, हे यातून सिद्ध झाले. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच होता.

‘सीएसआयआर’ कशी जन्माला आली?

दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी माल येणे अवघड झाले. देशातच पर्याय शोधण्यासाठी सरकारने एप्रिल १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ नेमले. त्याची सूत्रे भटनागर यांच्याकडे आली. वर्षाला खर्चायला पाच लाख रुपये होते. दोनेक वर्षांत बलुचिस्तानातील गंधकाचे शुद्धीकरण, विषारी वायूपासून बचाव करणारे कापड, वनस्पती तेलांपासून इंधन आणि वंगण, गणवेशांसाठी रंग अशी कामे मार्गी लागली.

मात्र शोध लागला म्हणून वस्तू दुकानात येत नाही. त्यासाठी कारखानदाराने तो विकत घ्यावा लागतो. म्हणून १९४१ मध्ये त्यांच्या आग्रहावरून स्वतंत्र समिती नेमली गेली. उद्योगांनी शोध वापरायचे, त्याचे स्वामित्वधन द्यायचे आणि ते पुढील संशोधनावर खर्च करायचे, अशी ही रचना होती. लाहोरचाच धडा देशपातळीवर गिरवला गेला. वर्षाला १० लाख रुपयांचा निधी मंजूर झाला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच ‘सीएसआयआर’, अस्तित्वात आली.

महाराष्ट्राला काय मिळाले?

रासायनिक संशोधनासाठी पुण्याची निवड झाली. ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेर यांनी ‘एनसीएल’ची कोनशिला बसवली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पहिले दोन संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. १९५७ मध्ये रंगरसायनांचे अभ्यासक के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. भटनागर यांच्या पुढाकाराने देशभर अशा १२ प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. विदर्भातील ‘सीएसआयआर’ची संस्था, नागपूरची ‘नीरी’, त्यांच्या पश्चात १९५८ मध्ये सुरू झाली.

टीका झाली का?

झाली, आणि मोठ्या माणसांकडून झाली. प्रयोगशाळा ज्या झपाट्याने उभ्या राहत होत्या, त्याची सी. व्ही. रामन यांनी खिल्ली उडवली. चांगली माणसे सरकारी प्रयोगशाळांत गेली तर विद्यापीठांतील संशोधन दुबळे होईल, हा आक्षेपही होता. तो आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. दुसरीकडे, प्रयोगशाळेतला शोध कपाटातच राहण्याचा धोका होताच. त्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. १९५४ मध्ये भटनागर यांना पद्मभूषण मिळाले. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

केळापूरच्या शेतकऱ्याशी याचा संबंध काय?

पऱ्हाटीचा उपयोग होत नाही, असे नाही. तिच्यापासून लाकडी फळ्यांसारखे पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. ही संस्था ‘सीएसआयआर’ची नाही. १९२४ पासून ती कापसावरच काम करते. म्हणजे विज्ञानाने आपला वाटा उचलला आहे. पुढचे प्रश्न हिशेबाचे आहेत. पऱ्हाटी उपटायची कोणी, तुकडे करून वाहून न्यायची कोणत्या भावाने आणि ती घेणारा कारखाना शेतापासून किती अंतरावर असेल? चिपाडाची ढेप झाली, तेव्हा ती करून घेणारे गंगाराम दारात उभे होते. पऱ्हाटीला तसा गिऱ्हाईक तालुक्यातच मिळाला, तर तिचाही भाव निघू शकेल.