श्रीमंत दुसरे बाजीराव : देवभक्ती आणि राजधर्म

जुन्नर-आंबेगावच्या मुलुखाला संतांचे आणि राज्यकर्त्यांचे, दोघांचेही पाय लागलेले आहेत. आळे येथे ज्ञानोबारायांच्या रेड्याची समाधी आहे. ओतुरास मांडवीच्या काठी तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. शिवनेरीवर १६३० साली छत्रपती शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. घोडेगावावरून डोंगर चढत गेले की भीमाशंकराचे देवालय लागते, त्याच्या बांधणीला नाना फडणिसांचा हात लागलेला आहे. तेव्हा राजकारण आणि देवधर्म ह्या मुलुखात एकमेकांना अनोळखी नाहीत. ज्यांच्या आयुष्यात ह्या दोहोंची गाठ तर पडली, पण मेळ कधी बसला नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र आज भाविक वाचकांपुढे ठेवतो. ते पुरुष म्हणजे पुण्याच्या गादीवर बसलेले शेवटचे पेशवे, श्रीमंत दुसरे बाजीराव.

बाजीरावांचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी धार येथे झाला. वडील रघुनाथराव आणि मातुश्री आनंदीबाई. जन्माआधीच ह्या घराला डाग लागलेला होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की, ह्या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे. एवढे सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. रघुनाथरावांनी अर्थातच ते प्रायश्चित्त घेतले नाही. पण असा निर्णय एकदा उच्चारला गेला की तो हवेत विरत नाही, घरात वस्तीला राहतो. त्या घरात हे मूल वाढले.

वडील १७८३ साली कोपरगावी वारले. मुले आईसह आधी कोपरगावी व पुढे नाशिकजवळ आनंदवल्लीस पहाऱ्यात राहिली. १७९४ च्या मार्चात आनंदीबाई गेल्या आणि त्याच उन्हाळ्यात नाना फडणिसांनी बाजीराव, धाकटे चिमाजीअप्पा व दत्तक बंधू अमृतराव ह्या तिघांना शिवनेरीवर आणून ठेवले. बाजीराव तेव्हा १९ वर्षांचे होते. रूप देखणे, बोलणे अति गोड. घोड्यावर बसण्यात, धनुष्यात, तलवारीत तरबेज. शास्त्राध्ययनही चांगले झालेले. कोणालाही वाटावे की, ह्या मुलाच्या हाती राज्य आले तर सोने होईल. त्याच वयाचे सवाई माधवराव पुण्यास पेशवेपदावर होते, पण कारभार सारा नानांच्या मुठीत. शिवनेरीवर पहाऱ्यास असलेल्या बळवंतराव नागनाथ वामोरीकरांच्या हातून बाजीरावांनी त्यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार जोडला. एक बंदीत जुन्नरास आणि दुसराही बंदीतच, पण पुण्यास, असा त्या पत्राचा भाव होता. नानांना ते कळले, वामोरीकरांना कैद झाली आणि गडावरचा पहारा आणखी घट्ट झाला.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून वारले. पोटी संतान नाही. गादीचा प्रश्न आला आणि सर्वांची दृष्टी शिवनेरीकडे वळली. १७९६ च्या आरंभी परशुरामभाऊ पटवर्धन बाजीरावांना न्यावयास आले. इतकी वर्षे ज्यांनी कोंडून ठेवले त्यांच्याच माणसाबरोबर गड कसा उतरावा? खात्री काय? तेव्हा परशुरामभाऊंनी गाईचे शेपूट हाती धरले आणि गोदावरीची शपथ वाहून सांगितले की, आमच्या मनात कपट नाही. वाचकहो, ह्या शपथेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मरणानंतर वैतरणी तरावयास आपल्याकडे ज्या गाईच्या शेपटीचा आधार मानतात, तीच हाती धरून बोललेला हा शब्द! तो मोडला तर परलोकीचा आधारही हातचा सुटला, इतकी ती जबरदस्त. बाजीराव गड उतरले.

पुढे काय झाले? पुण्याच्या राजकारणाने चार महिन्यांत कूस बदलली. शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या पागनीस आणि परशुरामभाऊ एक झाले, बाजीरावांना शिंद्यांच्या छावणीत अडकवले आणि २६ मे १७९६ रोजी चिमाजीअप्पांना, त्यांच्या मनाविरुद्ध, पेशवाईची वस्त्रे दिली. गाय शिवनेरीवर राहिली आणि शपथ तिच्याबरोबर. एकवीस वर्षांच्या तरुणाने त्या दिवशी एक धडा घेतला असावा : देवाचे नाव हे राजकारणात समोरच्याला गड उतरवण्याच्या कामी येते. तो धडा ते पुढे विसरले नाहीत, हेच त्यांच्या चरित्रातले दुर्दैव.

नाना फडणिसांनी महाडास बसून पुन्हा डाव उलटवला आणि १७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले. नानांना त्यांनी लेखी अभय दिले होते. एका वर्षाने, १७९७ च्या अखेरच्या दिवशी, शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेलेल्या नानांना फिलोज नावाच्या फिरंगी सरदाराने पकडले. त्यानेही नानांच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या इमानाची हमी दिलेली होती. त्याच वेळी इकडे नानांच्या पक्षाच्या मंडळींना बाजीरावांनी वाड्यात बोलावून अडकवले. पुढे नाना सुटून आले, तेव्हा बाजीराव मध्यरात्री त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि शपथपूर्वक सांगितले की, माझा त्यात काही हात नव्हता. नानांनी कारभार पुन्हा घेतला, पण विश्वास ठेवला असेल असे वाटत नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले.

आता बाजीरावांच्या देवभक्तीकडे वळू. ती लपूनछपून नव्हती. उपास, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने अखंड चालू. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण जमत. तीर्थयात्रा तर पुनःपुन्हा, आणि पंढरपूरच्या देवस्थानावर त्यांचा विशेष लोभ. तेथे त्यांनी हात सैल सोडून दान केले. आईबापांच्या हातून नारायणरावांचा घात झाला, त्या पापाच्या क्षालनार्थ त्यांनी पुण्याच्या आसपास काही लाख आंब्यांची झाडे लावविली. रामशास्त्र्यांनी बापाला सांगितलेले प्रायश्चित्त मुलाच्या मनाला टोचत होते, एवढे तरी ह्यावरून दिसते. वाटसरूला सावली मिळाली, पाखरांना फळ मिळाले. कृत्य चांगलेच म्हणावयाचे.

पण त्याच हातांचा दुसरा हिशेब पाहा. १७९८ साली शिंद्यांना पैसा हवा होता, म्हणून सर्जेराव घाटगे पुण्यातल्या सावकारांना छळून पैसा काढू लागला, आणि ती वाट दाखविली खुद्द पेशव्यांनी. १८०१ च्या एप्रिलात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. त्याचा सूड घ्यावयास यशवंतराव होळकर आले, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या सुमारास, हडपसरास लढाई झाली आणि श्रीमंत पुणे टाकून पळाले. ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह करून त्यांनी स्वतःचे आसन राखले आणि स्वातंत्र्य गहाण टाकले. फौजांच्या धावपळीने पुणे प्रांत उजाड झाला, पाठोपाठ दुष्काळ पडला. तशा काळातही परगणे जास्त बोली देणाऱ्यास मक्त्याने दिले जात. मक्तेदार आपली रक्कम कुणब्याकडून वसूल करणार, हे काय सांगावयास पाहिजे? रमण्यातली दक्षिणा ज्या खजिन्यातून निघे, तो असा भरत होता.

येथे थोरल्या माधवराव पेशव्यांची गोष्ट आठवते. तरुणपणी ते जपानुष्ठानात फार रमले. एकदा रामशास्त्री काही कामासाठी आले, तर स्वारी जपाला बसलेली. शास्त्रीबुवा परत गेले. मग त्यांनी माधवरावांना स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाचे कर्मच करावयाचे तर गादी सोडून चला, दोघेही गंगातीरी राहू. आणि गादीवर बसावयाचे तर प्रजेचे रक्षण हेच तुमचे अनुष्ठान. माधवरावांनी ते ऐकले आणि वेळीअवेळीचा जप सोडला. त्यांची श्रद्धा काही त्यामुळे आटली नाही; १७७२ साली थेऊरच्या गणपतीपाशीच त्यांनी देह ठेवला. शास्त्रीबुवांचा रोख देवपूजेवर नव्हता. दारात फिर्यादी उभा असता राजाने डोळे मिटून बसणे, ह्यावर होता. बाजीरावांना असे सांगणारा कोणी उरला नव्हता; होते ते त्रिंबकजी डेंगळे.

आणि आता ती पंढरपूरची गोष्ट, जी सांगताना वारकऱ्याची जीभ अडखळते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. हिशेबाचा वाद होता. १८१५ च्या जुलैत श्रीमंत आषाढी यात्रेस निघाले, शास्त्रीबुवांनाही बरोबर घेतले. एका संध्याकाळी शास्त्रीबुवांना बरे वाटत नव्हते, ते बिऱ्हाडी होते. त्रिंबकजीचे निरोपावर निरोप आले की, देवळात दर्शनास यावे. ते गेले. दर्शन घेतले, बसून बोलले आणि परत निघाले. वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठून ठार केले. हमी इंग्रजांची, पाहुणा पेशव्यांचा, आणि गाव पांडुरंगाचे! संशय त्रिंबकजीवर आला, पण श्रीमंतांनी चौकशी होऊ दिली नाही. त्याला आधी पाठीशी घातला आणि दबाव आला तेव्हा इंग्रजांच्या हवाली केला. खुनाची खबर बाजीरावांना आधी होती की नव्हती, ह्याचा वाद घालीत बसण्याचे आपल्याला कारण नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो भाविकांसमोर ज्याने यात्रेकरू म्हणून नाव लावले, त्याने त्या गावात सांडलेल्या रक्ताचा जाब घेतला नाही, एवढे पुरेसे आहे.

पुढचा उतार भराभर झाला. १३ जून १८१७ चा पुण्याचा तह, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई आणि मग पळापळ. डिसेंबरात ओतुराच्या बाजूला, कैदेतून निसटलेला त्रिंबकजी त्यांना येऊन मिळाला. ज्या मुलुखातून बावीस वर्षांपूर्वी गादीकडे निघाले होते, त्याच मुलुखात ते आता पाठलाग चुकवीत होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव, २० फेब्रुवारीला अष्टी. तेथे बापू गोखले पडले. त्या उन्हाळ्यात जुन्नर आणि भोवतालचे गड इंग्रजांच्या हाती गेले. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ बाजीराव माल्कमसाहेबांच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांची नेमणूक ठरली. आपल्या घराण्याने चालविलेल्या देवस्थानांची आणि वृद्ध सत्पात्र ब्राह्मणांची आबाळ होऊ नये, ही गोष्टही त्या करारात होती. राज्य हातचे जात असतानाही देव त्यांच्या हिशेबातून सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर गंगातीरी ब्रह्मावर्तास ते बत्तीस वर्षांवर राहिले. स्नान, संध्या, पूजा, दानधर्म ह्यांतच काळ गेला. २८ जानेवारी १८५१ रोजी, शहात्तराव्या वर्षी, तेथेच देह ठेवला.

बाजीरावांची पूजाअर्चा म्हणजे नुसते सोंग, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे म्हणवत नाही. त्यांच्याविषयी बरेचसे लिहिले आहे ते त्यांच्या शत्रुपक्षाने, ह्याची थोडी वजावट धरावी. शिवाय सोंग असते तर बघणारे गेल्यावर उतरले असते. ब्रह्मावर्तास कोणाला दाखवावयाचे होते? गादी नाही, दरबार नाही, तरी पूजा शेवटपर्यंत चालली. तेव्हा भक्ती होती. पण ती देव्हाऱ्यापुरती राहिली. कचेरीत, छावणीत, मक्त्याच्या कागदावर ती उतरली नाही. देवापुढे जोडलेले हात बाहेर येऊन दिलेला शब्द पाळीनात. सोंग असते तर गोष्ट सोपी होती, सोंग ओळखता येते. खऱ्या श्रद्धेचा माणूससुद्धा प्रजेला असा पारखा होऊ शकतो, ही खरी भिण्याजोगी गोष्ट आहे.

श्रीमंतांच्या दानाचा शेवट मात्र ऐकण्यासारखा आहे. राज्य गेल्यावर दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली, ती बाजीरावांनीच बांधलेल्या विश्रामबागवाड्यात. पुढे त्याच दक्षिणेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. म्हणजे त्या पैशाला विद्येची वाट सापडली, ती देणाऱ्याचा अधिकार गेल्यावर.

आजही आषाढीस राज्याचे मुख्यमंत्री पंढरीस शासकीय महापूजा करतात, आणि गावोगावचे पुढारी दिंडीत चार पावले चालतात. चालोत. पांडुरंगाच्या दारी मज्जाव कोणालाच नसावा, आणि कोणाची श्रद्धा किती खोल हे मोजण्याचे माप तुमच्या-माझ्यापाशी नाही. पण तो गृहस्थ परत गेल्यावर त्याच्या दारी आलेल्या शेतकऱ्याला काय उत्तर मिळाले, शपथ घेऊन जे बोलला त्यातले किती पाळले, हे मोजणे आपल्या हाती आहे. भाविकांनी त्याच्या कपाळीचा बुक्का पाहून हात जोडावेत आणि मग, रामशास्त्र्यांची आठवण ठेवून, हिशेबही विचारावा. रामकृष्णहरि.