६०० सीसीची ९५० करणारा म्हातारा

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असतोच. गॅरेजमध्ये जाऊन त्यानं बोअर वाढवून घेतलेलं असतं, मोठा पिस्टन टाकलेला असतो आणि आता कट्ट्यावर बसून तो सगळ्यांना गाडीचा पिकअप ऐकवत असतो. त्याला बर्ट मन्रोबद्दल जरूर सांगा. या माणसानं एकाच इंजिनावर चाळीसहून जास्त वर्षं काम केलं.

बर्टचा जन्म १८९९ चा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. लहानपण शेतावर गेलं. १९२० साली त्यानं नवी कोरी इंडियन स्काउट घेतली. नावावर जाऊ नका, इंडियन ही अस्सल अमेरिकन कंपनी, आपल्याशी तिचा काही संबंध नाही. व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर, ६०० सीसी आणि टॉप स्पीड ताशी ८८-८९ किलोमीटर. त्या काळात हे कमी नव्हतं, पण बर्टला पुरेना. १९२६ मध्ये त्यानं इंजिन खोललं आणि मग आयुष्यभर ते खोलतच राहिला.

आता सीसी म्हणजे काय ते एकदा नीट बघू, म्हणजे बर्टनं किती मोठा उद्योग अंगावर घेतला होता ते कळेल. पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरची मिळून बेरीज म्हणजे सीसी. ती वाढवायची तर सिलिंडर रुंद करा, नाहीतर पिस्टनचा फेरा लांबवा. रुंद केलात तर भिंत पातळ होते. फेरा लांबवलात तर पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त अंतर धावावं लागतं. दोन्हीकडे ताण येतो कनेक्टिंग रॉडवर, उष्णता वाढते, जुनं ऑइलिंग कमी पडतं. म्हणजे एक पार्ट बदलला की आणखी चार बदलणं आलंच. ‘नुसता पिस्टन मोठा टाकून दे’ म्हणणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

बर्टकडे ना पैसा होता, ना मशीन शॉप. दिवसा तो मोटरसायकली विकायचा आणि रात्री स्वतःच्या गाडीवर काम करायचा. गॅसच्या जुन्या पाइपमधून त्यानं सिलिंडर बनवले. ॲल्युमिनियम वितळवून जुन्या डब्यांत ओतलं आणि पिस्टन ओतीव केले. कनेक्टिंग रॉड तर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कोरून काढले. मोजमापासाठी चाकाच्या जुन्या स्पोकचा मायक्रोमीटर केला! मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, त्यामुळे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला आत शिरताना वळसा पडायचा. बर्टनं स्वतः हेड बनवून ते वर नेले. दोन कॅमचे चार केले.

यातलं बरंचसं फुटायचं, वितळायचं, वाकायचं. हे मोडके पार्ट तो फेकून देत नसे. गॅरेजमधल्या फळीवर ते ओळीनं मांडलेले असत आणि हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे, असं त्यानं तिथं लिहून ठेवलं होतं.

या सगळ्याची किंमत फक्त पार्टांनी चुकवली नाही. बर्टचं लग्न झालं, चार मुलं झाली आणि १९४७ मध्ये घटस्फोट झाला. मग नोकरीही सुटली आणि तो गॅरेजमध्येच राहू लागला. सिनेमात हे सगळं गोड वाटतं. प्रत्यक्षात घरातल्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं अफाट सपाट मैदान आहे. वेगवेड्यांची ही पंढरीच. बर्ट तिथं दहा वेळा गेला. पहिल्या खेपेला नुसता बघून आला. १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या इंजिनावर त्यानं आपल्या गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये दुसरा केला.

१९६७ मध्ये तो ६८ वर्षांचा होता, इंजिन झालं होतं ९५० सीसीचं आणि फ्रेमवर माशासारखं निमुळतं कवच होतं. त्या वर्षी एका फेरीत ऐन वेगात गाडी डगमगू लागली. वेग कमी करायला बर्ट ताठ बसला, तर वाऱ्यानं गॉगलच उडवून नेला. डोळ्यांना काही दिसेना. गाडी आखलेल्या रेषेपासून लांब भरकटली, एक लोखंडी खुंटा इंचांच्या अंतरानं चुकला. शेवटी त्यानं गाडी आडवी घातली. नशीब म्हणा, खरचटण्यावर भागलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला १००० सीसीखालच्या गटात त्याचा विक्रम नोंदला गेला : ताशी २९५.४५ किलोमीटर. एका दिशेच्या पात्रता फेरीत तर त्यानं ३०५ ओलांडले होते.

(एक आठवण. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असे फेरफार करू देत नाही. बर्टचे विक्रमही रस्त्यावरचे नाहीत, मिठाच्या मोकळ्या मैदानावरचे आहेत.)

१९७८ च्या जानेवारीत बर्ट गेला. त्याआधी आपल्या गाड्या त्यानं गावातल्याच एका विक्रेत्याला दिल्या, त्या आपल्या मुलखातच राहाव्यात म्हणून. २००५ मध्ये सिनेमा आला, अँथनी हॉपकिन्सनं बर्ट केला आणि जगाला नाव कळलं. पण खरी गंमत पुढेच झाली. १९६७ चे आकडे बघताना बर्टच्या मुलाला सरासरी काढण्यात चूक दिसली. २०१४ मध्ये अमेरिकन मोटरसायकल असोसिएशननं नोंद दुरुस्त केली. बर्टला जाऊन ३६ वर्षं झाली होती आणि त्याचा वेग वाढून ताशी २९६.२६ किलोमीटर झाला.