चिंध्यांच्या आतला माणूस : संत गाडगेबाबा



बडनेऱ्यात रेल्वे रुळांकडेच्या वस्तीतलं एखादं लेकरू मळका शर्ट घालून वर्गात येतं, तेव्हा आपल्या मनात पहिलं काय येतं? घरचे लक्ष देत नाहीत, हेच ना? मग आपल्याच जिल्ह्यातल्या या माणसाचं चरित्र मुलांना शिकवण्याआधी आपण एकदा वाचू या.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाईंनी त्यांना दापुऱ्याला मामाकडे नेलं. तिथं डेबूजींनी गुरं राखली, शेतात राबराब राबले. तरी मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. म्हणजे गरिबी आळसातूनच येते असं नाही, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. कर्ज, व्यसन आणि निरक्षरपण माणसाला कसं खाली ओढतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. लोक त्यांना भिकारी समजत. पण बाबा आधी गाव झाडत, मगच भाकरी घेत. रात्री कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, ताट विकावं लागलं तरी पोरांना शिकवा, हेच त्यांचं सांगणं असे.

देणगीतून त्यांनी स्वतःसाठी साधी झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मोठ्या शहरात गरिबाचे हाल जास्त, हे जाणून मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही धर्मशाळा बांधली. पुढे त्यांच्या मिशनने दादरलाही धर्मशाळा उभारली. आजही बडनेऱ्याहून गाडीत बसून कर्करोगाच्या उपचाराला मुंबईला जाणाऱ्यांना तिचा आधार वाटतो.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर बाबांचं निधन झालं. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ते स्वतः मात्र शाळेत शिकलेले नव्हते.

तर उद्या त्या लेकराचा शर्ट दिसला, की आधी एवढंच विचारू या : बाळा, सकाळी जेवून आलास का? वस्तीत नळाला पाणी आलं होतं का? घरी अभ्यासाला जागा आहे का? उत्तर ऐकल्यावर शर्टाबद्दल बोलायचं की नाही, ते आपल्यालाच कळेल.