गिटारवाली सिस्टर रोझेटा



‘सिस्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंटमधली व्रतस्थ भगिनी उभी राहते. सिस्टर रोझेटा थार्प तशा नव्हत्या. त्यांच्या पेंटेकॉस्टल पंथात स्त्री-भाविकांना सिस्टर म्हणण्याची रीत होती, एवढेच. मिस्सामध्ये गिटार हवी की नको, अशी कुजबुज कानावर आली की आम्हाला या बाईंची आठवण येते.

२० मार्च १९१५ रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, कॉटन प्लांट गावी, एका गरीब कृष्णवर्णीय घरात रोझेटाचा जन्म झाला. आई केटी बेल मँडोलिन वाजवून गाई आणि ठिकठिकाणी सुवार्ता सांगत फिरे. पोर चौथ्या वर्षापासून गिटार घेऊन आईशेजारी उभी राहू लागली. पुढे मायलेकी शिकागोला आल्या. त्यांच्या चर्चमध्ये ढोल, खंजिरी, टाळ्या सारे चालत असे. मज्जाव होता तो बाहेरच्या जगाच्या करमणुकीला.

१९३४ साली एका धर्मोपदेशकाशी विवाह झाला. तो टिकला नाही. त्याचे थॉर्प हे आडनाव तेवढे किंचित बदलून राहिले. १९३८ साली रोझेटाबाई न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये, नाचगाणे आणि दारू चालणाऱ्या जागी, चर्चमधली गाणी गाऊ लागल्या. चर्चची माणसे दुखावली. देवाचे गाणे पेल्यांच्या किणकिणाटात? प्रश्न जुनाच आहे. सुरांच्या गोडीत शब्दांवरचे ध्यान सुटते, म्हणून संत ऑगस्टीनही स्वतःला दोष देत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हा प्रश्न एका तासात सोडवला होता. रोझेटाबाईंना तो जन्मभर पुरला.

१९४४ साली त्यांनी ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे भक्तिगीत विजेच्या गिटारवर ध्वनिमुद्रित केले. पुष्कळ जाणकार रॉक संगीताचा उगम तिथे मानतात. १९४७ साली मेकन शहरात त्यांनी एका पोरसवदा मुलाला आपल्या कार्यक्रमात गायला बोलावले. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून गाजला.

१९५१ साली वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर त्यांनी तिकिटे लावून स्वतःचे लग्न केले आणि लग्नाच्या पोशाखातच गिटार वाजवली. सुमारे २० हजार माणसे आली. हे तिसरे लग्न. आम्हाला ते रुचत नाही, पण झाकून तरी काय उपयोग? १९५३च्या सुमारास त्यांनी काही प्रापंचिक गाणी मुद्रित केली, तेव्हा मात्र भाविक श्रोत्यांनी पाठ फिरवली. सभागृहे रिकामी पडू लागली.

त्या पुन्हा भक्तिगीतांकडे वळल्या. १९५७ साली इंग्लंडने त्यांना बोलावले. मे १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरदर्शनसाठी कार्यक्रम झाला. श्रोते समोरच्या फलाटावर, मध्ये रूळ, वरून पाऊस. अंगात कोट, गळ्यात पांढरी गिटार अडकवून बाईंनी नोहाच्या जलप्रलयाचे गाणे सुरू केले. ते चित्रण आजही पाहायला मिळते. आमच्या गायकवृंदातील तरुणांनी ते अवश्य पाहावे. ज्येष्ठांनी तर आधी पाहावे.

१९७० साली पक्षाघाताचा झटका आला, मधुमेहाने पाय कापावा लागला. तरी गाणे चालू होते. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा पुढच्या ध्वनिमुद्रणाची वेळ ठरलेली होती. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली चाहत्यांनी गाण्याचा कार्यक्रम करून पैसे जमवले आणि मग दगड बसला.