जात म्हणजे वंश नव्हे, असे बाबासाहेब का म्हणाले?

जातिभेद हा वंशभेदच आहे का? अभ्यास शिबिरात हा प्रश्न निघाला की तरुणांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, हो, आणि जगासमोर तसेच मांडले पाहिजे. दुसरा म्हणतो, खुद्द बाबासाहेबांनी ते नाकारले आहे. म्हणून विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आयुष्य या प्रश्नाच्या अंगाने एकदा पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा कातडीच्या रंगावरून माणसाची शाळा आणि गाडीतली जागा ठरत होती. ९ मे १९१६ रोजी त्यांनी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ रंगात शोधणारे युरोपीय अभ्यासक स्वतःचाच रंगद्वेष भारतावर लादतात, असा त्यांचा आक्षेप होता. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या सक्तीने. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी ती सक्ती निभावण्यासाठीच आल्या, अशी त्यांची मांडणी होती.

त्या काळी वंशाच्या सिद्धान्ताचा मोठा दबदबा होता. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिसले नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड आणि वंश यांची सांगड घालत होता. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. त्यात त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण मात्र पंजाबच्या ब्राह्मणाहून वेगळा. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाची तीच मापे वापरून रिसलेचा दावा खोडला.

हा आग्रह कशासाठी? भेद रक्तात आहे असे मान्य केले, तर तो निसर्गाचा ठरतो आणि उच्चवर्णीयांचा गर्व शास्त्रीय ठरतो. भेद माणसांनी रचला असेल, तर माणसे तो मोडू शकतात. बाबासाहेबांची सगळी चळवळ या दुसऱ्या विधानावर उभी आहे.

पण वंश नाकारला म्हणून त्यांनी काळ्या बांधवांशी नाते नाकारले नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचे कळताच त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागवली. दोन्ही समाजांच्या स्थितीत त्यांना साम्य दिसत होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये वंश आणि जात हे दोन वेगळे शब्द आले, भेदभावाची मनाई मात्र दोन्हींना एकच.

१९५० मध्ये, निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. बुद्धी जन्माने ठरत नाही, याचा पुरावा गावकुसाबाहेरच्या मुलांनी तिथे शिकून दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांना धम्मदीक्षा देऊन बाबासाहेबांनी जन्माने लादलेली ओळख नाकारता येते हे दाखवले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वाद मात्र संपला नाही. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंगाबरोबर जन्मकुळ हाही आधार आला, आणि तो शब्द भारतानेच सुचवला होता. तरी २००१ च्या डर्बन परिषदेत जात हा वंश नाही असे सांगत भारत सरकारने जातीचा विषय बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला. दलित कार्यकर्ते मात्र तो आत यावा म्हणून झगडत होते. २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने जन्मकुळात जात येते, असे स्पष्ट केले.

इथे नीट पाहिले पाहिजे. जात वंश नाही, हे विधान बाबासाहेबांचेही होते आणि सरकारचेही. बाबासाहेबांनी ते जात मोडता यावी म्हणून केले. डर्बनला ते जाब टाळण्यासाठी वापरले गेले. शब्द तेच, हेतू उलटा.

मराठीत तर वंश शब्दाचे दोन अर्थ आहेत. वंशावळ म्हणताना आपण कुळ म्हणतो, वंशभेद म्हणताना रंग. जालन्यात भाड्याने खोली मागणाऱ्याचा रंग कोणी पाहत नाही, आडनाव विचारतात. नकार मात्र जन्मावरूनच मिळतो. म्हणून व्याख्येचा वाद घालणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: या व्याख्येने कोणाला न्याय मिळतो आणि कोण सुटतो?

जय भीम!