शब्द तोलून वापरणारे अब्दुल्ला यूसुफ अली

पवित्र कुरआनचे इंग्रजी भाषांतर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यावर अब्दुल्ला यूसुफ अली हे नाव तुम्ही वाचले आहे काय? 1872 साली जन्मलेला हा विद्वान आपल्या मुंबईतच शिकला. अरबी त्यांना वडिलांनी शिकविली. अंजुमन-इ-इस्लामच्या शाळेत व विल्सन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे केंब्रिजला जाऊन 1895 साली ते आय.सी.एस. झाले. 1914 साली त्यांनी ती नोकरी सोडली.

1934 पासून त्यांचे भाषांतर लाहोरहून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. ‘रब्ब’ या शब्दाला ‘लॉर्ड’ हा प्रतिशब्द तयारच होता. परंतु त्यात धनीपणा आहे, पालनपोषण नाही. म्हणून सूरह फातिहामध्ये त्यांनी ‘चेरिशर’ व ‘सस्टेनर’ असे दोन शब्द योजिले. जेथे अर्थ शब्दांत मावेना, तेथे टीप दिली. अशा टिपा सहा हजारांवर गेल्या!

डिसेंबर 1953 मध्ये लंडनला एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले. जवळ माणसे नव्हती. त्यांचे शब्द मात्र आजही घरोघरी वाचले जातात.

पालकहो, मुलांना इंग्रजी जरूर शिकवा, पण घरची भाषा सुटू देऊ नका. दोन्ही पारडी असतील तरच शब्द तोलता येतो. आणि मुलांनो, शब्दकोशातला पहिलाच शब्द उचलू नका. त्यात मूळचा अर्थ पुरता उतरला काय, हे आधी पाहा.